मधली प्लेट

चेअरमनची मर्सिडीज
उद्यमनगरात आली ती ढकलतच.
बारा वर्षं शेडात उभी,
टपावर कबुतरांनी कारभार केलेला.
यशोधन, त्यांचा नातू, म्हणाला,
"हिच्यातलं काढायचं, आणि हे घालायचं."
हे म्हणजे टेम्पोत गोणपाटाखाली झाकलेलं
सहा सिलिंडरचं जपानी धूड,
कुर्ल्याच्या भंगारातून उचललेलं,
अंगाला अजून बोटीचा खारट वास.

इलाहीमामांनी बॉनेट वर केलं,
बराच वेळ नुसतं बघितलं.
"बसंल," म्हणाले.
"पर गाडीला इचारून बसवाय पायजे."

वजन कमी करायचं म्हणून आधी मागची सीट काढली.
खाली निघालं:
एक अडकित्ता, तीन सुपाऱ्या,
कुठल्या तरी निवडणुकीचा गंजका बिल्ला,
आणि कापशी चपलेचा तुटलेला अंगठा,
बाईच्या मापाचा.
यशोधननं अडकित्ता खिशात टाकला.
अंगठ्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

माझं काम त्याच्या पुढं.
गिअरबॉक्स जुनाच, इंजिन परमुलखाचं.
एकाच्या तोंडाला सात भोकं, एकाच्या नऊ,
एकही समोरासमोर नाही.
मधे प्लेट लागते. पाच सूत जाड,
हिकडून ह्याची भोकं, तिकडून त्याची.
वडिलांच्या लेथचा चक लहान पडला,
म्हणून फेसप्लेटवर क्लॅम्प मारून धरला जॉब.
डायल लावला. काटा थरथरला.
हातोडीची हलकी टिचकी,
परत काटा,
परत टिचकी.
तीन रात्री.
शेजारच्या फाउंड्रीत ओतकाम चाललेलं,
भिंतीवर तांबडं उजाडायचं आणि विझायचं.
दोन्हीचा मध्य एक यायला हवा.
केसाएवढा फरक राहिला
तर वेग आल्यावर त्याच केसाचा दोरखंड होतो.

रविवारी, बंद सूतगिरणीसमोरचा सरळ रस्ता.
परवानगीचा कागद, रुग्णवाहिका, वड्याचा गाडा.
चारशे मीटर.
"म्हातारी काय पळतीया!" कुणीतरी ओरडलं.
शेजारी एक तरणी निळी हॅचबॅक,
जमिनीला पोट लावून.
हिरवा दिवा लागला,
आणि चेअरमनची गाडी मागच्या पायांवर बसली,
पाडव्याला पळवायच्या म्हशीनं बसावं तशी,
आणि गेली.

तेरा सेकंद आणि वर थोडं.
मी घेतलेला श्वास अजून आतच होता.

दुसऱ्या फेरीत गिअरबॉक्सनं दात टाकले.
रस्त्यावर तेलाची लांबलचक रेघ,
तिच्या टोकाला यशोधन,
वेड्यासारखा हसणारा, हाताची थरथर थांबत नसलेला.
मामा बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले.
खालूनच म्हणाले, "प्लेट शाबूत हाय."
मग वडा मागितला.

जुनं डिझेल इंजिन
दोन महिने माझ्या दारात पडून होतं.
त्याच्या आडोशाला मांजर व्याली.
मग आण्णाप्पा मगदूम आला, गुऱ्हाळवाला.
"फिरतंय न्हवं?" एवढंच विचारलं.
आता ते लोखंडी चौकटीवर बसलंय,
पट्ट्यानं चरक फिरवतंय.
पुलीची प्लेट मीच केली,
पैशाऐवजी दोन ढेपा घेतल्या.
त्याला घाई नाही.
ज्या चालीनं चेअरमनला मुंबईला नेऊन आणायचं
त्याच चालीनं रात्रभर ऊस खातं.

परवा गेले तेव्हा काहिलीत फेस चढत होता.
आण्णाप्पानं वाटीत गरम काकवी दिली.
मी चौकटीवर हात ठेवला. लोखंड गुरगुरत होतं,
बारीक, तळव्यातून कोपरापर्यंत.
तेवढ्यात यशोधनचा फोन.
दुसरा गिअरबॉक्स मिळालाय म्हणाला,
भारी आहे, पण भोकं अकरा.
आवाजामागं चरक चाललेला,
त्याला वाटलं मी लेथवर आहे.
म्हटलं, घेऊन ये.
आधी माप घेऊ.